साडीचा फेटा

नाशिकला आमच्या गल्लीत पिठाची गिरणी चालवणाऱ्या बाई भुवयांपर्यंत पिठाने माखलेल्या असतात. गव्हाचा भरला डबा एका हाताने उचलतात आणि गिऱ्हाइकाशी दोनच शब्द बोलतात, "ठेवा डबा."

यंदा सिन्नरकडे त्यांच्या गावच्या जत्रेला गेलो होतो. कुस्ती मारणाऱ्या पोरांना पंच फेटे बांधत होते. एका पोरीने कुस्ती मारली, तर तिच्या हातात साडी दिली.

गर्दीतून आमच्या गिरणीवाल्या बाई तडक आखाड्यात उतरल्या. "पोरीला फेटा नाय?"

"बाईमाणसाला साडीच शोभते," पंच हसले.

बाईंनी साडीची घडी मोडली, पीळ दिला आणि तिचाच फेटा पोरीच्या डोक्याला बांधला. हलगी थांबली.

पुढची पोरगी जिंकली, ती पंचांनी दिलेली साडी घेऊन सरळ बाईंसमोर आली आणि मान झुकवून उभी राहिली.