वहिनीची तपासणी

आमची वहिनी एका जागी बसलेली दिसली, तर तिलाच ताप आहे की काय म्हणून बघावं लागेल. बंदरात येणाऱ्या जहाजांवर चढून साथीचे रोग शोधायचे आणि दूरदूरच्या छोट्या बंदरांतून आलेल्या नव्या डॉक्टरांना तेच शिकवायचं, हे तिचं काम. घरीही सुटका नाही. पाहुणा खोकला की पाण्याआधी प्रश्न सुरू.

शिकाऊ मंडळींना ती बजावते, "तुमच्याकडे यंत्रं नसणार. खलाशांना घरची ओढ, तपासणीआधी तापाची गोळी घेऊन बसतात. नुसत्या थर्मामीटरवर जाऊ नका. जेवणाचं ताट बघा. गोळीनं ताप लपतो, भूक परत येत नाही."

त्या सकाळी माझ्या दादाचं जहाज आलं आणि लांबच थांबलं. तो त्यावर मेकॅनिक. दोघे तापानं आजारी आहेत असं कप्तानानं कळवलं होतं, त्यामुळे परवानगीशिवाय कुणी उतरायचं नव्हतं. नवऱ्याच्या जहाजाची तपासणी वहिनीला नियमानं करता येत नव्हती. तिनं एका बुजऱ्या शिकाऊ डॉक्टरणीला होडीतून पाठवलं.

"ती दादासमोर तोंड तरी उघडेल का?" मी म्हटलं.

"मग तू जातेस?" वहिनी खेकसली.

धक्क्यावर तिच्या येरझाऱ्या सुरू झाल्या. दादासाठी आणलेला डबा या हातातून त्या हातात. तेवढ्यात दादाचा फोन आला. "मी ठणठणीत आहे गं. आलोच." वहिनी हसली नाही. मला मात्र तो कधी एकदा दिसतो असं झालं होतं.

होडी परतली, तीत दादा नव्हता.

"थर्मामीटरवर ताप दिसला नाही, मॅडम," डॉक्टरीण खाली बघत म्हणाली. "पण सरांना उतरू देता येणार नाही."

"ताट?"

"पलंगाखाली सरकवलेलं होतं. भरलेलं, तसंच."

मला त्या पोरीचा असा राग आला! इतक्या महिन्यांनी आलेला माणूस, घर समोर दिसतंय, आणि ही ताटं शोधत बसली. वहिनीनं मात्र तिची पाठ थोपटली.

मग वहिनीनं डबा होडीवाल्याकडे दिला, जहाजावर पोचवायला सांगितलं आणि तिथल्याच जहाजं बांधायच्या लोखंडी खुंटावर मटकन बसली.

"उद्या पुन्हा जाशील ना," ती डॉक्टरणीला म्हणाली, "तेव्हा आधी डबा उघडून बघ. आणि त्यानं काही खाल्लं नसेल, तर मला लगेच सांगू नकोस. आधी मला 'बसा' म्हण."