काचेच्या कांडीचा आवाज

निपाणीच्या महाविद्यालयात बरीच वर्षे रसायनशास्त्र शिकवून झाल्यावर मी बेळगावच्या एका प्रयोगशाळेत संशोधनासाठी दाखल झाले. तिथले मार्गदर्शक सरसुद्धा माझ्याहून वयाने लहान होते. रोज सकाळी बस तवंदी घाट चढू लागली की मी त्या दिवसाच्या प्रयोगाची वही उघडून बसे. भीती असेच, पण आनंद तिच्याहून मोठा.

खानापूरच्या रानात नरक्या नावाचे झाड आहे. कर्करोगावरील काही औषधांचा मूळ पदार्थ त्यात सापडतो, पण तो पाण्यात सहजी विरघळत नाही. त्याच्या रचनेत लहानसा बदल करून तो विरघळण्याजोगा करणे, हे माझे काम. नवा पदार्थ तयार झाला होता. मात्र त्याचे स्फटिक होईनात. फ्लास्कच्या तळाशी काकवीसारखा चिकटा तेवढा बसे. स्फटिकांवाचून तो शुद्ध होईना, आणि शुद्ध झाल्याखेरीज कर्कपेशींवरच्या चाचणीला पाठवता येईना.

"मॅडम, शनिवारपर्यंत बघा," सर म्हणाले. "नाहीतर हा पदार्थ सोडून दुसरा घेऊ."

अशा वेळी रसायनशास्त्रज्ञ एक जुना उपाय करतात. पदार्थ गरम अल्कोहोलमध्ये विरघळवायचा, बर्फात थंड करायचा आणि काचेच्या कांडीने फ्लास्क आतून खरवडायचा. ओरखड्याच्या आधाराने पहिला स्फटिक धरतो. मीही खरवडत होते, पण तो आवाज दातांवर शहारे आणणारा! सगळे माना वर करून पाहतील, या संकोचाने मी कांडी अगदी अलगद फिरवीत असे.

शनिवारी दुपारी शेजारच्या टेबलावरच्या चिकोडीच्या मुलीला राहवेना.

"आक्का, काय गोंजारताय री त्याला? खरवडा की!"

"अगं, आवाज होतोय. सर फोनवर हैत."

"होऊंदे! आक्कानं धार लावायचं दुकान काढलंय म्हणून सांगते सरांस्नी. विळ्या घेऊन या म्हणते."

मला हसू फुटले, आणि त्या हसण्याच्या भरात मी जोर लावला. करकर, करकर! सर आपल्या खोलीच्या दाराच्या काचेतून पाहू लागले. माझे कान तापले. हात मात्र थांबला नाही.

ओरखड्याच्या रेषेवर एक फिकट ठिपका उमटला. त्याच्याशेजारी दुसरा. पाहता पाहता सगळा द्राव गढुळला आणि पिवळसर, सुईसारखे स्फटिक झरझर तळाकडे उतरू लागले.

"बंतु री आक्का, बंतु!" ती कन्नडमध्ये ओरडली.

"आलं! लई आलं गं!" तिच्याहून मोठा आवाज माझा होता.

सर फोन हातात तसाच धरून धावत आले. फ्लास्क उजेडाकडे धरून त्यांनी स्फटिक नीट न्याहाळले.

"सोमवारी चाचणीला पाठवू," ते म्हणाले.

संध्याकाळी परतीच्या बसमध्ये शेजारच्या अनोळखी बाईंनी "शाळेत असता काय?" एवढेच विचारले. तवंदी घाट उतरेपर्यंत मी त्यांना स्फटिक कसा धरतो, ते सांगत होते.