सासूबाईंचा दुसरा फोटो

माझ्या धाकट्या दिरांना सगळी गल्ली 'हलू नका' म्हणते. बाजारात त्यांचा फोटो स्टुडिओ आहे. एक स्टूल, मागे निळा पडदा, दोरीला बांधलेला कंगवा आणि ज्यांच्याकडे नाही त्यांच्यासाठी खिळ्याला एक काळा कोट. तो कोट घालून निम्मं गाव नोकरीला लागलं. पासपोर्ट असो की ओळखपत्र, भाऊजींचं बोलणं ठरलेलं: हनुवटी वर, कान दिसू देत, हलू नका. मग कॉम्प्युटरवर बसून डाग, सुरकुत्या, डोळ्यांखालची वर्तुळं पुसायची. "वहिनी, माणूस आहे तसा दाखवला तर तो परत येत नाही," हे त्यांचं धंद्याचं तत्त्वज्ञान.

गेल्या वर्षी सासूबाईंच्या चेहऱ्याची डावी बाजू लुळी पडली. डॉक्टर म्हणाले, सावकाश सुधारेल, पण रोज आरशासमोर बसून व्यायाम हवा. गाल फुगवा, ओठ ताणा, शीळ घाला. सासूबाईंनी आरशात बघणंच सोडलं. तोंडावर रुमाल धरून बोलायच्या, जेवायला सगळ्यांच्या मागून बसायच्या. व्यायामाचं नाव काढलं की "या वयात शीळ घालू होय?" म्हणून उठून जायच्या. दिवस हातचे निघून चालले होते आणि मला धास्ती वाटायला लागली होती.

भाऊजींनी ठरवलं, आईबाबांचा मोठा फोटो काढायचा. "एकदा स्वतःला चांगलं बघितलं ना, की आरशाची भीती जाईल तिची." मिनतवाऱ्या करून दोघांना स्टुडिओत नेलं, शेजारी शेजारी बसवलं, रुमाल काढायला लावला.

फोटो घरी आला. सासूबाईंनी चष्मा पुसून बघितला. ओठ सरळ, दोन्ही गाल सारखे, कपाळ गुळगुळीत. माझे सासरे घड्याळजी; जन्मभर डोळ्याला भिंग लावून त्यांचा डावा डोळा बारीक झालेला. फोटोत तोही उजव्याएवढा.

"हे कोण साहेब?" सासरे म्हणाले. "यांनी जन्मात घड्याळ उघडलेलं दिसत नाही."

मला हसू आलं. सासूबाईंना नाही आलं.

"छान आहे रे," त्या म्हणाल्या. "पण ही मी नव्हे. म्हणजे तुलाही माझं तोंड बघवत नाही तर."

भाऊजी पांढरेफटक पडले. वाईट हेतू कुठला, हात सवयीनं चालला होता. गिऱ्हाईक काय आणि आई काय, दिसलं की पुसलं. "आई, अगं तसं नाही..." ते म्हणाले, पण सासूबाई आत निघून गेल्या होत्या.

पुढच्या रविवारी ते नुसता कॅमेरा घेऊन आले आणि स्वयंपाकघरात माझ्याजवळ मटार सोलत बसले. सासऱ्यांनी जेवायच्या टेबलावर भिंतीवरचं घड्याळ उघडून ठेवलं होतं. सासूबाई आल्या आणि भडकल्याच.

"अहो, चालतं घड्याळ कशाला उघडलंत?"

"चालत होतं म्हणूनच. बंद पडल्यावर काय, कुणीही उघडतो."

"आणि हा स्क्रू? माझ्या ताटात आला असता म्हणजे! दुकानात पसारा पुरला नाही तुम्हाला?"

एका हातात स्क्रू, दुसरा कमरेवर. रुमाल धरायला हात उरला नव्हता. भाऊजींनी कॅमेरा उचलला.

"थांब रे, माझा रुमाल..."

"राहू दे गं. हल तू, हवी तेवढी हल. बाबा, तुम्ही अजून बोला."

कशालाही हात न लावता त्यांनी ते फोटो तिथंच आईला दाखवले. ओठ वाकडा, भुवई चढलेली, मागे एक डोळा बारीक करून सासरे गालातल्या गालात हसताहेत.

"वाकडं ते वाकडंच," सासूबाई म्हणाल्या. पण नजर हलली नाही. "जरा मागचा दाखव. आता पुढचा. परत मागचा." त्यांनी बोट टेकवलं. "अगंबाई! ओठाचा हा कोपरा वर गेलाय."

खरंच गेला होता. अगदी केसभर, पण डावा.

"रागावलीस की हलतो तर," सासरे म्हणाले. "मग औषध माझ्याकडे आहे."

"ते तुम्ही लग्नापासूनच देताय!"

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर दोघं आरशासमोर. सासूबाईंच्या शिळेतून नुसती हवा निघत होती. सासरे करून दाखवायला गेले तर त्यांचीही वाजेना. दोघं इतकी हसली की व्यायाम राहिलाच बाजूला.

"त्याला फोन लाव गं," मला बघून सासूबाई म्हणाल्या. "म्हणावं, पुढच्या महिन्यात पुन्हा काढ. किती फरक पडला ते बघायचंय. आणि खबरदार काही पुसलंस तर!"