सोजराबाईंचे हात

चिंचवडच्या त्या जागेला कारखाना म्हणणं म्हणजे जरा धाडसच होतं. पत्र्याच्या छपराखाली नऊ हातमाग आणि त्यांवर विणल्या जाणाऱ्या कंदिलाच्या वाती, एवढाच सगळा पसारा. पण मुकादम कोंडीराम असा वावरायचा, जणू अख्खी गिरणी त्याच्याच खांद्यावर आहे.

त्याला विणायला शिकवलं सोजराबाईंनी. आकुर्डीहून रोज चालत येणारी ही विधवा बाई अठरा वर्षं पहिल्या मागावर बसत होती. दिवसाला चाळीस हात वात विणायची आणि त्यात गाठ शोधूनही सापडायची नाही. सूत तुटलं की गाठ मारावी लागते आणि गाठीपाशी वात धुरकटते, म्हणून गाठीचा माल गिऱ्हाईक परत पाठवतं. तयार वात तळहातातून सरकवत गाठी मोजणं, हेच मुकादमाचं मुख्य काम. कोंडीराम त्यांना आक्का म्हणायचा.

एकोणपन्नास सालच्या अखेरीस हिंदुस्थान आणि पाकिस्तानचं रुपयाच्या भावावरून बिनसलं आणि व्यापार थांबला. कोंडीराम चावडीवर त्यावर तावातावाने बोलला होता. पण त्या भांडणाचा आपल्या नऊ मागांशी काही संबंध असेल, हे त्याच्या डोक्यात आलं नाही. सुताचे गठ्ठे त्याच गिरणीतून, त्याच शिक्क्याचे येत होते. आत सिंधचा लांब, चिवट धाग्याचा कापूस उरलेला नाही, हे शिक्का कशाला सांगतोय?

पन्नासच्या उन्हाळ्यात सगळ्याच मागांचं काम घटलं. बाकीच्यांचं घटलं तो आळस ठरला, सोजराबाईंचं घटलं ते वय. चाळिसाचे बावीस हात झाले, गाठी हाताला टोचायला लागल्या.

"कोंडीराम, सूत कच्चं हाय रं. एकदा चाचपून तरी बघ."

"आक्का, सूत तेच हाय. हात थकलं तुमचं."

हे तो चारचौघांत म्हणाला. एकदा नाही, महिनाभर म्हणत राहिला. पुढे पुढे सोजराबाईच तुटलेल्या धाग्याकडे बघून स्वतःच्या बोटांवर चिडायला लागल्या. दिवाळीआधी त्याने त्यांना घरी बसवलं आणि मागावर शकू नावाच्या तरुण पोरीला आणलं. सोजराबाईंनी मागावरची धूळ पदराने पुसली आणि त्या निघाल्या.

शकूचंही काम बेताचंच होतं, पण ती नवीन आहे म्हणून कोंडीरामने स्वतःची समजूत घातली. एक्कावन्न साली दोन देशांत करार झाला, माल पुन्हा येऊ-जाऊ लागला. पावसाळा सरला आणि शकू एकदम अडतीस हातांवर गेली. मुकादम खूश झाला, आपली पारख बरोबर निघाली म्हणून चार दिवस मिरवला. मग त्याच्या ध्यानात आलं की नऊच्या नऊ माग तसेच चढलेत. हरिबाच्या मागाचंसुद्धा काम दुपटीवर गेलं होतं, आणि हरिबा तर विडी ओढण्यातच अर्धा दिवस घालवायचा.

पिंपरीच्या निर्वासित छावणीतले टोपणदास सूत पोचवायला यायचे. सिंधमध्ये त्यांचा जन्म कापसात गेला होता. कोंडीरामने त्यांच्यापुढे जुन्या गठ्ठ्यातलं उरलेलं सूत धरलं. टोपणदासांनी ते उलगडून ओढलं, ते पटकन तुटलं. नवं ओढलं, ते तुटेना. त्यांनी फक्त विचारलं, असल्या सुतावर वर्षभर कोण विणत होतं?

 नव्या सुताची कांडी खिशात घालून कोंडीराम तडक आकुर्डीला गेला.

सोजराबाई ओट्यावर बसल्या होत्या. शेजारी त्यांची नात केस मोकळे सोडून आईची वाट बघत होती. आजी आता वेणी घालत नाही, हात चालत नाहीत म्हणते, असं तिने आपणहून सांगितलं.

"आक्का, चुकलं माझं. तुमचं हात चांगलंच व्हतं. सूतच कच्चं व्हतं. उद्या मागावर या."



"मी सांगत व्हते तवा न्हाई ऐकलंस. सकाळी आल्यावर आधी सूत चाचपायचं, ही पहिली गोष्ट शिकवली व्हती तुला."

 त्याने कांडीचा धागा तोडला आणि दोन टोकं त्यांच्या हातात दिली. मागावर डोळे मिटूनही त्या ही गाठ मारायच्या. आता एक टोक बोटाभोवती घेतलं, दुसरं आत घालताना हात थांबला. गाठ निसटली. पुन्हा बांधली, पुन्हा निसटली. तिसऱ्यांदा त्यांनी धागा मांडीवर ठेवून दिला.

"सूत चांगलं हाय रं," त्या म्हणाल्या. "पर हात थकलं म्हनायचास, त्ये आता मलाच खरं वाटतंय."

कोंडीरामने धागा उचलला आणि त्यांनी शिकवल्याप्रमाणे गाठ मारली. ती पक्की बसली. त्या नुसत्या बघत होत्या, आणि त्याला रडू आवरेना.