मंडळीच्या ग्रुपवर मी काढलेले निमंत्रण

अक्कलकुव्याच्या तहसील कचेरीसमोर अर्जनवीस म्हणून माझी कायमची बैठक आहे. माझे शिक्षण नववीपर्यंतच झाले असले, तरी पदवीधर मंडळीदेखील माझ्याकडून अर्ज लिहून नेतात, यावरून काय ते समजावे. शिवाय मी आमच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीचा जुना सभासद असून उपासनेला पहिल्या ओळीत बसतो.

दिवाळी सरली की डोंगरातली निम्मी मंडळी ऊसतोडीसाठी गुजरातेत जाते आणि प्रार्थनाघरात सतरंज्याच तेवढ्या उरतात. यावर उपाय म्हणून आमच्या पाळकसाहेबांनी व्हॉट्सॲपवर मंडळीचा ग्रुप काढला. रोज पहाटे वचन, रविवारी गाणे. ते सारे ठीक चालले होते. परंतु त्यात भाषेचे वजन नव्हते.

तशात आमच्या मंडळीतल्या एका आजीबाईंना नात झाली. मुलगा आणि सून बारडोलीकडच्या ऊसतोड्यांच्या पडावावर, बाळही तिकडेच जन्मलेले. आजीबाई पाळकसाहेबांच्या दारात येऊन बसल्या.

"पोरीला प्रभूच्या हाती कधी द्यायची? तोड संपेपर्यंत ती चालायला लागेल. मी तर अजून तिचं तोंडही बघितलं नाही."

पाळकसाहेबांनी तोड काढली ती अशी, की येत्या रविवारी समर्पणाचा विधी व्हिडिओवर करावा. पडावावरच्या सर्व कुटुंबांनी आपापल्या जागेवरूनच फोनवर सामील व्हावे. निमंत्रण लिहिण्याची जबाबदारी मी स्वतः होऊन स्वीकारली.

ते निमंत्रण मी लांब कागदावर स्वहस्ते लिहिले. "विषय : बाळ समर्पण विधीस हजर राहणेबाबत. उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, रविवारी सकाळी ठीक दहा वाजता व्हिडिओद्वारे सहकुटुंब समक्ष हजर राहावे. कसूर झाल्यास आपली काही एक तक्रार ऐकून घेतली जाणार नाही." खाली मंडळीचा जांभळा गोल शिक्का उमटवला, कागदाचा फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. पाळकसाहेबांनी फोटो पाहून चष्मा पुसला.

"भाऊ, हाई निमंत्रण शे का नोटीस?"

"साहेब, शिक्क्याशिवाय कागदाला कोण विचारतो?" मी म्हणालो.

रविवार उजाडला. पाळकसाहेबांनी आपला फोन हार्मोनियमवर टेकवून रबराने बांधला. आजीबाई नवे लुगडे नेसून समोर बसल्या आणि पडद्याकडे निरखून पाहू लागल्या.

"ही म्हातारी कोण?"

"आजी, ती तुम्हीच."

"मग माझी नात कुठे?"

दहा वाजले. सव्वादहा झाले. पडद्यावर आजीबाईंखेरीज कोणीही आले नाही. त्यांनी पदराने आधी पडदा पुसला, मग डोळे. पाळकसाहेब माझ्याकडे वळले. "तुन्हा कागद वाचीसन लोके घाबरी गयात!"

मी उत्तर देणार, तोच बाहेर एक पिकअप थांबली. तिच्यातून पडावावरची आमची जवळजवळ सगळी मंडळी उतरली. पुरुष, बाया, लेकरे, एक कोंबडी. प्रत्येकाच्या हातात आधारकार्डाची झेरॉक्स, रेशनकार्ड आणि दोन फोटो. गोल शिक्क्याचा कागद आला म्हणजे तालुक्याला जातीने जायचे आणि कागदपत्रे बरोबर न्यायची, हे आमच्या लोकांना कोणी शिकवावे लागत नाही. व्हिडिओचा मजकूर त्या शिक्क्यापुढे कोणाच्याही ध्यानात राहिला नव्हता. पहाटेच्या अंधारात निघून ते माझ्या शब्दाखातर आले होते.

आजीबाईंचा मुलगा बाळ छातीशी धरून माझ्यापुढे उभा राहिला. घामाघूम झाला होता.

"साहेब, हिचं आधार अजून काढलं नाही. चालेल ना?"

"चालेल," मी गंभीरपणे सांगितले. आजीबाईंनी तेवढ्यात बाळ ओढूनही घेतले होते.

पाळकसाहेबांनी प्रार्थनेला आरंभ केला आणि हार्मोनियमवरचा फोन खणाणला. पडावावर आजारी म्हणून मागे राहिलेल्या मंडळीतल्या एका भावाचा फोन हिसकावून मुकादम व्हिडिओवर आला होता.

"मन्हा माणसं कोठे गयात?"

"शू! प्रार्थना चालू शे," पाळकसाहेब म्हणाले. मुकादमाने टोपी काढली व आमेनपर्यंत छातीशी धरली. मग पुन्हा ओरडू लागला, तेव्हा आजीबाईंनी बाळ थेट फोनसमोर धरले.

"बघ, माझी नात. आज नेऊ नको रे दादा."

मुकादमाने बाळाकडे पाहिले. बाळाने जांभई दिली.

"सोमवारी सकाळे निंघा," तो म्हणाला.

सोमवारी पिकअप निघाली तेव्हा आजीबाई नातीला मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसलेल्या होत्या. उतरा म्हणण्याचे धाडस कोणालाही झाले नाही.

पुढच्या रविवारी पडावावरून व्हिडिओ ठीक दहाला लागला. फोन आजीबाईंच्या हाती होता आणि फोन कानालाच लावायचा असतो, अशी त्यांची पक्की समजूत. त्यामुळे आम्ही संपूर्ण उपासना त्यांच्या कानाकडे पाहून केली. पाळकसाहेबांनी त्या कानाला वचन ऐकवले, मी पहिल्या ओळीतून त्याला नमस्कार केला, आणि शेवटी कानामागून बाळाचे रडणे ऐकू आले. साऱ्या मंडळीने ते आमेन म्हणून धरले.