उन्हाळीचं तुटकं पान

नशिराबादच्या पुढे, हायवेच्या कडेच्या मुरमाड उतारावर आज मी उन्हाळी शोधत बसलो होतो. उद्या आमच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राचं प्रॅक्टिकल आहे, नमुने मलाच जमवायचे होते. जमिनीलगत पसरणारं हे चिवट झुडूप. कुणी लावत नाही, कुणी पाणी घालत नाही, तरी भाजक्या मुरमात वाटाण्याच्या फुलासारखी जांभळट फुलं मिरवत असतं. फुलं नसली की मात्र ही उन्हाळी की रानातली नीळ, यात भलेभले फसतात. तेव्हा एकच खूण उरते. इवलं पान दोन चिमटींत धरून ओढायचं. उन्हाळीचं पान सरळ तुटत नाही, बाणाच्या पिसाऱ्यासारखा कोन करून तुटतं. समोरच्या झुडपाला फुलं होती, तरी सवयीनं मी पान ओढलं, ते तसंच तुटलं, आणि भर उन्हात मला स्वतःची लाज वाटली. ती आता जुनी झाली आहे, पण मुरलेली नाही.

ऐंशीच्या दशकात मी धुळ्याला, देवपुरातल्या एका कॉलेजात शिकत होतो. वर्गात चोपड्याकडची, सातपुड्याच्या पायथ्याच्या खेड्यातली एक मुलगी होती. लॅटिन नावं म्हणताना ती अडखळायची आणि आम्ही मागच्या बाकावरून तिची नक्कल करायचो. त्यात माझा हातखंडा होता. वडलांनी तिला एकाच अटीवर धाडलं होतं, नापास झाली की शिक्षण बंद आणि लग्न. हे साऱ्या वर्गाला ठाऊक होतं. लळिंग किल्ल्याच्या पायथ्याशी आमची सहल गेली, तेव्हा उन्हाळी आणि नीळ या दोन झुडपांत मी घोटाळलो. तीच शेजारी येऊन बसली. म्हणाली, "पान वढीसन दख, भाऊ. बाणना मायेक तुटनं म्हंजे उन्हाळी." जिची रोज टिंगल करतो, तिनं आपल्याला 'भाऊ' म्हणावं, याचंही मला तेव्हा हसूच आलं. खूण मात्र मी नीट लक्षात ठेवली.

परीक्षेत टेबलावर ओळीनं ताटल्या मांडलेल्या, प्रत्येकीत एक नमुना. घंटा झाली की पुढच्या ताटलीकडे सरकायचं, नमुन्याला हात लावायचा नाही. ती माझ्या पुढे होती. एका ताटलीत फुलं-शेंगा खुडलेली फांदी होती. मी तिथं पोचलो तेव्हा फांदीशेजारी अर्धं पान पडलेलं होतं आणि त्याच्या कडेला तो कोन स्पष्ट दिसत होता. मी वळणदार अक्षरात उन्हाळीचं लॅटिन नाव लिहिलं. तेवढ्यात बाहेरगावचे परीक्षक मागे येऊन उभे राहिले. "पान कुणी तोडलं?" त्यांनी मला विचारलं. माझं लिहून झालं होतं. मी तिच्याकडे बोट दाखवलं.

ती इतकी भ्याली की घरचीच भाषा तोंडात आली. "वढ्याबिगर कशी वळखू, सर?"

"इथं गुरं चारायला आलीस का?" परीक्षक म्हणाले. सगळे हसले. मीही हसलो, जरा मोठ्यानंच. तिचा पेपर काढून घेऊन तिला बाहेर काढलं. माझ्या शेजारून तो पेपर गेला तेव्हा मी पाहिलं, उन्हाळीचं नाव तिनं अचूक लिहिलं होतं. त्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. मी वर्गात पहिला आलो आणि पुढे त्याच गुणांवर मास्तर झालो.

आता दर वर्षी मी वर्गात हे पान तोडून दाखवतो. पोरं डोळे विस्फारून बघतात. "सर, तुम्हाला हे कुणी शिकवलं?" असं कुणी ना कुणी विचारतंच. मी म्हणतो, अनुभवानं येतं. मुरमातली उन्हाळी दर साली नव्यानं फुटते, तसं माणसाचंही होत असेल, एवढ्या वर्षांत आपण बदललो असू, असं मी बरेच दिवस धरून चाललो होतो.

पण घरी आल्यावर मी फांदीची फुलं-शेंगा नीट खुडून टाकल्या. मग उद्याच्या ताटलीपुढे ठेवायची चिठ्ठी लिहिली, त्याच वळणदार अक्षरात: नमुन्यास हात लावू नये.