उंबऱ्याखालची शिवराई

भूल देणाऱ्या डॉक्टरांविषयी माझं मत कधीच फारसं चांगलं नव्हतं. समोरचा माणूस झोपलेला असल्यामुळे त्यांना उलट उत्तर ऐकायची सवय नसते. आमचे डॉक्टर अगदी तसेच होते. सत्तरच्या दशकात कॅनडातल्या रेजिनात मराठी घरं इतकी थोडी होती, की एखादा माणूस आवडत नाही म्हणून त्याला टाळणं परवडत नसे. त्यामुळे दर आठ-पंधरा दिवसांनी मला त्यांचं प्रवचन घडायचं. आधी त्यांनी दुर्बीण घेतली होती, तेव्हा आम्ही उणे तीसमध्ये शनीची कडी पाहिली. मग मधमाश्या पाळल्या, त्या पहिल्याच हिवाळ्यात मेल्या. आणि एका वसंतात कॅटलॉगमधून मागवलेला मेटल डिटेक्टर घेऊन ते आमच्या दारात उभे राहिले.

मी सस्कॅचेवान प्रांताच्या रस्ते खात्यात इंजिनियर होतो. सर्व्हेच्या निमित्ताने दक्षिणेकडचा प्रत्येक खडीचा रस्ता मला पाठ होता आणि त्या रस्त्यांवरची ओस पडलेली घरंही. लोकांनी सरकारकडून जवळजवळ फुकट जमीन घेऊन तिथे घरं बांधली, आणि पाऊस रुसला तेव्हा चूल-भांडी तशीच टाकून ते निघून गेले. लांबून वारा अडवायला लावलेल्या कॅरागानाच्या झुडपांची रांग दिसली, की समजायचं, आत एखादं घर कण्हत उभं असणार. डॉक्टरांना ही घरं हवी होती. गरज सरो वैद्य मरो म्हणतात. इथे गरज वैद्याला होती आणि मरत मी होतो.

दर शनिवारी सकाळी आम्ही निघायचो. डॉक्टर शेतमालकाकडे जाऊन परवानगी मागत, त्यात त्यांचा अर्धा तास जाई, कारण ते त्या बिचाऱ्याला त्याच्याच जमिनीचा इतिहास सांगत. मालक पिकअपच्या खिडकीतून कोपर बाहेर काढून ऐकून घेई आणि शेवटी म्हणे, "गो अहेड, डॉक. सोनं सापडलं तर सांग." मग डॉक्टर कानांना ते भोंगे लावून गवतात यंत्राची थाळी फिरवत चालायचे आणि मी डास मारत मागून फावडं घेऊन. यंत्र किंचाळलं की मी खणायचं. काय निघायचं? खिळे. बरणीचं जस्ताचं झाकण. तंबाखूचा डबा. चुलीची कडी. पुन्हा खिळे. घरी गेल्यावर डॉक्टर हा सगळा कचरा टूथब्रशने घासायचे, हॉस्पिटलातल्या किडनी ट्रेमध्ये कापसावर मांडायचे आणि खाली चिठ्ठी लावायचे. आमच्या गावी असा माल भंगारवाला सुद्धा तोंड वाकडं करून घेतो.

एकदा मात्र त्यांना राणीच्या छापाचा एक मोठा सेंट सापडला. झालं. तो सेंट आम्ही जून, जुलै आणि ऑगस्ट असे तीन महिने ऐकला. आमच्याकडे भजी खाताना ते माझ्या बायकोला म्हणाले, "वहिनी, हे इंजिनियर लोक. यांना जमिनीत फक्त ग्रॅव्हल दिसते. नजर लागते हो, नजर!"

बायको हसली. मी सगळं सहन केलं असतं, पण ते हसणं मला झोंबलं.

आमचं देवघर म्हणजे स्वयंपाकघरात फोनच्या वर ठोकलेली एक फळी. तिथल्या पितळी डबीत लक्ष्मीपूजनाची नाणी असायची, तीन चांदीचे रुपये आणि एक काळीकुट्ट शिवराई. शिवराई म्हणजे छत्रपतींच्या नावाचा जुना तांब्याचा पैसा. पूर्वी आपल्याकडे घरोघरी देवात एखादी असायचीच. या शिवराईला मध्ये कुणीतरी अर्धवट भोक पाडलेलं होतं, आरपार न गेलेलं. रुपयांना हात लावायला मी धजलो नाही. शिवराई मला टाकाऊ वाटली, म्हणून ती उचलली. उचलताना मला हसू आवरत नव्हतं.

शुक्रवारी कामावरून येताना मी वाट वाकडी केली. आम्ही दुसऱ्या दिवशी जाणार होतो त्या घराच्या भिंती कधीच बसल्या होत्या, पण दाराशी उंबऱ्याचा दगड शाबूत होता. त्याच्या कडेला चाकूने गवताची एक चकती कापली, खाली शिवराई ठेवली, चकती वर दाबून बसवली. संध्याकाळी पाऊसही पडला. देवसुद्धा माझ्या बाजूने होता, असं मला वाटलं.

माझा बेत साधा होता. डॉक्टर नाचायला लागले की शांतपणे म्हणायचं, "द्या इकडे, देवघरात परत ठेवायचीय." वाक्य पाठ करून ठेवलं होतं.

शनिवारी उंबऱ्याशी यंत्र किंचाळलं. त्या दिवशी त्यांनी मला खणू दिलं नाही, स्वतः गुडघ्यांवर बसले. नाणं निघालं, त्यांनी अंगठ्याला थुंकी लावून चोळलं. मला वाटलं, आता प्रवचन सुरू होणार. त्याऐवजी त्यांनी बूट काढले. काटेरी गवतात नुसत्या मोज्यांवर उभं राहून त्यांनी ती शिवराई कपाळाला लावली. डोळे भरून आले होते.

मी माझं वाक्य गिळलं. दया आली म्हणून नव्हे, हे आधीच सांगतो. मला वाटलं, आत्ता सांगितलं तर पाहायला एकटा मी. जरा पिकू द्यावं, चार लोकांसमोर फोडावं.

आणि ते भराभर पिकलं. आठवड्याभरात डॉक्टरांचा सिद्धांत तयार होता. गोऱ्यांच्या पलटणीतला कुणी मराठा शिपाई निवृत्त होऊन इथे आला, त्याने जमीन घेतली, घर बांधलं आणि रीतीप्रमाणे उंबऱ्याखाली शिवराई पुरली. नाण्यावरचा खळगा म्हणजे गोळीची खूण. खिशातल्या शिवराईने त्याचा जीव वाचवला होता! टोरांटोला लाँग डिस्टन्स फोन झाले. मराठी मंडळाच्या सायक्लोस्टाइल पत्रिकेत चार पानी लेख आला. शिकलेसवरलेले लोक, कुणी प्राध्यापक, कुणी सर्जन, माना डोलावत होते. एकालाही विचारावंसं वाटलं नाही की हा शिपाई गव्हाच्या शेतात एकटा काय करत होता. छाती फुगवायला मिळाली की आपली माणसं डोकं बाजूला काढून ठेवतात.

गणपतीच्या कार्यक्रमात डॉक्टरांचं व्याख्यान ठरलं, एका चर्चच्या बेसमेंटमध्ये. "मराठ्यांनी अटकेपार झेंडे लावले हे आपण शाळेत शिकलो," ते म्हणाले, "पण सस्कॅचेवानपार?" टाळ्या पडल्या. किडनी ट्रेमध्ये कापसावर शिवराई ठेवून ट्रे लोकांत फिरवायला दिला. मी मागच्या भिंतीला टेकून उभा होतो. ट्रे एक फेरी पुरी करून येईल, मग मी बोलणार होतो.

ट्रे बायकांच्या रांगेत गेला. माझ्या बायकोने शिवराई उचलली. तिने ती नीट पाहिलीसुद्धा नाही, तिचा अंगठा सरळ त्या खळग्यात जाऊन बसला. मग मान वळवून तिने गर्दीत मला शोधलं. माझ्या तोंडावर अजून ते हसू होतं.

तिने शिवराई कापसावर ठेवली आणि ट्रे पुढे दिला.

घरी येताना गाडीत ती म्हणाली, "आईची होती ती."

तिच्या आजोबांनी ते भोक पाडायला घेतलं होतं, दृष्ट लागू नये म्हणून नातीच्या गळ्यात बांधायला. अर्ध्यावर त्यांच्या मनात आलं की महाराजांच्या नावातून आरपार कसं जायचं, आणि ते थांबले. लहानपणी ही पडली की आई तीच शिवराई कपाळाच्या टेंगळावर दाबून धरायची. कॅनडाला निघताना आईने पदराच्या गाठीतून सोडून ती हिच्या हातात दिली. पुढच्या वर्षी आई गेली आणि हिला जाता आलं नाही, ते मला माहीत होतं. बाकीचं माहीत नव्हतं.

"पहिल्या विंटरमध्ये सगळं सांगितलं होतं तुम्हाला," ती म्हणाली. "तुम्ही पेपर वाचत होतात."

"मग तिथेच का नाही बोललीस?"

"त्यांचा चेहरा बघितलात? आणि तुमचा?" थोड्या वेळाने तिने विचारलं, "डबीतून घेताना हसत होतात का हो?"

मी गाडी चालवत राहिलो.

"लक्ष्मीपूजनाला ती पाटावर पाहिजे," ती म्हणाली. "कशी आणायची ते तुम्ही बघा."

दिवाळीला दीड महिना होता. तो मी युक्त्या शोधण्यात घालवला. भावाला लिहून दुसरी शिवराई मागवावी, ड्रिलने खळगा पाडावा आणि अदलाबदल करावी, इथवर माझी बुद्धी गेली. खरं सांगणं हा एकच उपाय मला सुचत नव्हता, कारण ज्या माणसाला मी वर्षानुवर्षं मूर्ख समजत आलो त्याच्यापुढे मूर्ख म्हणून उभं राहावं लागणार होतं. शेवटी एका शनिवारी डॉक्टरांचा फोन आला. शिवराई ते म्युझियमला डोनेट करणार होते, सोमवारी. लक्ष्मीपूजन गुरुवारी होतं.

रविवारी दुपारी मी त्यांच्या बेसमेंटमध्ये गेलो. ते ट्रे पुसत होते. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, माझं हसणंसुद्धा. त्यांनी पुसायचं फडकं खाली ठेवलं.

"धुतली तेव्हा पाणी लाल झालं होतं," ते सावकाश म्हणाले. "मला वाटलं, मातीतलं आयर्न असेल. कुंकू होतं ते." मग म्हणाले, "आणि नजर लागते म्हणून मी लोकांना शिकवत होतो."

मला शिव्यांची अपेक्षा होती. शिव्या दिल्या असत्या तर मी ऋणी राहिलो असतो. ते सिंककडे गेले आणि ऑपरेशनच्या आधी धुवावेत तसे कोपरापर्यंत हात धुतले. वर बायकोला हाक मारून म्हणाले, "अगं, तांदूळ घे वाटीत. वहिनींकडे जायचंय."

ते दोघं माझ्या मागोमाग आमच्याकडे आले. त्यांच्या बायकोने हिची ओटी भरली आणि तांदळावर शिवराई ठेवली. डॉक्टर एवढंच म्हणाले, "वहिनी, अनवधानाने घासली मी. माफ करा."

पुढच्या पत्रिकेत त्यांनी दोन ओळी छापल्या. शिवराईबद्दलचा माझा निष्कर्ष चुकीचा होता, ते नाणं आपल्यातल्या एका भगिनीच्या आईचं असून तिला परत मिळालं आहे. माझा उल्लेख नव्हता. कुणी विचारलं तर ते हसून म्हणायचे, "गोंधळ माझाच झाला." लोकांनी त्यांना वर्षानुवर्षं सोडलं नाही. प्रत्येक पार्टीत कुणीतरी काटा-चमचा उचलून विचारायचा, "डॉक्टर, हा पेशव्यांचा का?" सगळे हसायचे, आणि मीही त्यांच्यात हसायचो. इतका हलका माणूस मी आयुष्यात दुसरा पाहिला नाही, आणि हा रोज सकाळी दाढी करताना आरशात समोर असायचा.

डॉक्टरांचं शनिवारचं खोदकाम चालूच राहिलं आणि फावडं माझ्याच हातात राहिलं. माणूस मोठा निघाला म्हणून त्याचं बोलणं काही लहान झालं नाही.

त्या वर्षी पूजा झाल्यावर दुसऱ्या दिवशी बायकोने शिवराई डॉक्टरांच्या बायकोच्या हातात दिली. "तुमच्याकडेच ठेवा," ती म्हणाली. "दिवाळीला घेऊन या." डॉक्टरांचं मन राखायला ती असं करते आहे, अशी मी समजूत करून घेतली. मग दर दिवाळीला ते दोघं बर्फातून शिवराई घेऊन यायचे, फराळ करायचे आणि जाताना ती घेऊन जायचे. डबीत तीन रुपये तेवढे असायचे.

आठ-नऊ वर्षांनी डॉक्टर रिटायर झाले आणि मुलाजवळ राहायला पश्चिम किनाऱ्यावरच्या सरेला निघाले. निरोपाच्या चहाला आमच्याकडे आले तेव्हा त्यांच्या बायकोने पर्समधून शिवराई काढून टेबलावर ठेवली. "आता ही तुमची तुम्ही घ्या. एवढ्या लांबून दिवाळीला कसं जमणार?"

माझी बायको चहा गाळत होती. तिने मान वर केली नाही.

"नाही, घेऊन जा," ती म्हणाली. "तुमच्या घरी तिला कुणी हसणार नाही."